किनाऱ्यावरील नलिकाकृमी : ओळख आणि नोंद

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास कोकणच्या किनाऱ्यावर मोठी सुकती लागली, की एरवी पाण्याखाली असणारा खडकांचा आणि चिखलवाळूचा विस्तीर्ण पट्टा काही तास उघडा पडतो. कालवे फोडणाऱ्या स्त्रिया, जाळी आवरणारे मच्छीमार आणि सहलीस आलेले विद्यार्थी या पट्ट्यातून वावरत असतात. त्यांच्या पायांखाली अनेक प्रकारच्या नळ्या असतात. काही खडकाला घट्ट चिकटलेल्या पांढऱ्या, चुन्यासारख्या. काही वाळूच्या कणांची चिणाई करून उभारलेल्या. काही शिंपल्यांचे तुकडे आणि शेवाळ लावून सजविलेल्या. तर काही चिखलातून बोटभर वर आलेल्या मऊ, कातड्यासारख्या. बहुतेक लोक त्यांना 'किड्यांची घरे' म्हणून पुढे जातात.

हे वर्णन अगदीच चुकीचे नाही. यांपैकी पुष्कळशा नळ्या सागरी कृमींनीच बांधलेल्या असतात. परंतु सर्वच नळ्या कृमींच्या नसतात, आणि ज्या कृमींच्या असतात त्याही एका जातीच्या वा एका कुळाच्या नसतात. बंदरातील अभियंत्याला, कालवांची शेती करणाऱ्याला आणि गावाची जैवविविधता नोंदवही तयार करणाऱ्या समितीला हा फरक महत्त्वाचा ठरतो. नळी पाहून कुठपर्यंत ओळख पटविता येते आणि कोठे थांबावे, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

नलिकाकृमी म्हणजे काय?

शेतातील गांडूळ आणि समुद्रातील नलिकाकृमी हे दोन्ही वलयी संघातील प्राणी होत. त्यांचे शरीर एकामागून एक जोडलेल्या वलयांचे, म्हणजे खंडांचे बनलेले असते. गांडुळाच्या प्रत्येक खंडावर थोडेच सूक्ष्म शूक असतात. समुद्री कृमींपैकी बहुसंख्यांच्या खंडांवर मात्र शूकांचे झुबके असतात. म्हणून त्यांना 'बहुशूक' असे नाव आहे. जगात बहुशूक कृमींच्या १०,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतील काही मोकळेपणी सरपटतात वा पोहतात, काही बिळांत राहतात, तर काही स्वतःसाठी नळी बांधून जवळजवळ संपूर्ण आयुष्य तिच्यात घालवितात. या शेवटच्या गटाला सोयीसाठी नलिकाकृमी म्हटले जाते. हा गट एका कुळाचा नाही. नळी बांधण्याची सवय अनेक कुळांत आढळते आणि प्रत्येक कुळाची बांधणीची रीत निराळी असते.

नळीचा पहिला उपयोग संरक्षणाचा. मासे, खेकडे आणि पाणपक्षी यांच्यापासून ती मऊ शरीराचा बचाव करते. ओहोटीच्या वेळी नळीत थोडे पाणी टिकून राहते आणि कृमी सुकत नाही. लाटांच्या माऱ्यात किंवा सैल चिखलात एका जागी स्थिर राहण्यासही तिची मदत होते. भरतीचे पाणी आले, की कृमी डोके बाहेर काढतो आणि पाण्यातील सूक्ष्म जीव व सेंद्रिय कण टिपतो. धोक्याची चाहूल लागताच तो क्षणार्धात आत जातो. त्यामुळे किनाऱ्यावर फिरणाऱ्याच्या दृष्टीस सहसा नळी पडते, प्राणी पडत नाही. ओळखीतील बहुतेक चुकांचे मूळ येथेच आहे.

नळीवरून कुळाची ओळख

नळी हातात आली, की पहिला प्रश्न असा विचारावा : ती कशाची बनली आहे? या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मे काम होते.

नळी पांढरी, कठीण, चुनखडीसारखी आणि दगडाला, शिंपल्याला वा होडीच्या बुडाला चिकटलेली असेल, तर ती बहुधा सर्प्युलिड कुळातील कृमीची असते. या कृमीच्या मानेजवळ कातडीची एक पट्टी घडीसारखी वळलेली असते. तिच्याखालील ग्रंथींतून कॅल्शियम कार्बोनेटयुक्त लगदा स्रवतो. मानेच्या पट्टीने तो लगदा नळीच्या कडेवर थापला जातो आणि कडे एकेक करून नळी लांब होत जाते. डोक्यावर पिसांसारख्या संस्पर्शकांचा झुबका असतो. त्यांपैकी एकाचे टोक बहुधा फुगून बुचासारखे होते आणि कृमी आत गेल्यावर हे झाकण नळीच्या तोंडावर घट्ट बसते. याच कुळातील काही कृमींची नळी गोगलगायीच्या शंखासारखी चपटी वेटोळी असते. तिचा व्यास अवघा काही मिलिमीटर असल्याने शेवाळाच्या पात्यांवर आणि शिंपल्यांवर ती पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसते.

नळी वाळूच्या कणांची, पण दगडासारखी कडक असेल आणि अशा शेकडो नळ्या एकमेकींना चिकटून मधाच्या पोळ्यासारखा थर तयार झाला असेल, तर ते सॅबेलॅरिड कुळाचे काम होय. हा कृमी पाण्यातून वाहत येणारे कण संस्पर्शकांनी पकडतो, तोंडाजवळील एका खास अवयवाने योग्य आकाराचा कण निवडतो आणि त्यावर चिकट द्रव्याचे थेंब लावून नळीच्या कडेवर बसवितो. गवंडी चिरा निवडून मसाला लावतो, तशीच ही रीत आहे. हे द्रव्य समुद्राच्या पाण्यात असतानाच घट्ट होते. ओल्या जागी चिकटणारे गोंद सहसा मिळत नसल्यामुळे, मोडलेली हाडे जोडण्यासाठी या धर्तीचे द्रव्य बनविता येईल का, याचा अभ्यास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील याच कुळातील एका जातीच्या आधारे झाला आहे. या कृमीच्या डोक्यावर सोनेरी शूकांचे कडे असते आणि त्याचाच उपयोग दार बंद करण्यासाठी होतो.

नळी वाळूच्या कणांचीच, पण चिकटलेली नसून सुटी, दोन्ही टोकांना उघडी आणि एका टोकाकडे निमुळती होत गेलेली असेल, तर ती पेक्टिनॅरिड कुळाची समजावी. तिची भिंत एकाच कणाच्या जाडीची आणि विलक्षण रेखीव असते. कृमी डोके खाली करून चिखलात उभा राहतो आणि नळीचे निमुळते टोक वर ठेवतो.

चिखलवाळूतून वर आलेल्या मऊ नळीला शिंपल्यांचे तुकडे, काड्या, शेवाळाचे तंतू बाहेरून चिकटविलेले असतील आणि वरचे टोक आकड्यासारखे वाकलेले असेल, तर डायोपॅट्रा प्रजातीचा विचार करावा. बाहेर दिसणारा भाग थोडा आणि जमिनीत गेलेला भाग लांब असतो. खालच्या भागावर सजावट नसते; तो चर्मपत्रासारखा असतो. या कृमीला जबडे असतात. अनेक देशांत मासे गळाला लावण्यासाठी तो आमिष म्हणून वापरला जातो.

नळीच्या तोंडाशी वाळूच्या कणांच्या बारीक फांद्यांची झालर असेल, तर ती टेरेबेलिड कुळातील काही कृमींची खूण असते. या कुळातील प्राण्यांच्या डोक्यावर दोऱ्यासारखे लांब व लवचीक संस्पर्शक असतात. ते चिखलावर सर्वत्र पसरून अन्नकण तोंडाकडे आणतात. चिखल आणि श्लेष्म यांची रबरासारखी मऊ नळी, त्यातून बाहेर आलेला पंख्यासारखा पिसारा आणि झाकणाचा अभाव ही सॅबेलिड कुळाची लक्षणे होत. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, दोन्ही टोके चिखलावर आलेली चर्मपत्रासारखी नळी कीटॉप्टेरस या कृमीची असू शकते. हा प्राणी अंधारात निळसर प्रकाश देतो, आणि त्याच्या नळीत लहान खेकडे भाडेकऱ्यासारखे राहतात.

फसवी साम्ये

या खुणा उपयुक्त असल्या, तरी नळी बांधणारे प्राणी केवळ कृमीच नाहीत. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो : आतील प्राणी कोणता?

व्हर्मेटिड नावाच्या गोगलगायी खडकाला चिकटून राहतात आणि त्यांचा शंख वेडावाकडा वाढून सर्प्युलिड कृमीच्या नळीसारखा दिसतो. मोडलेल्या तुकड्याची आतील बाजू पाहिल्यास भेद करता येतो. गोगलगायीच्या नळीची आतील बाजू गुळगुळीत आणि चकचकीत असते. कृमीच्या नळीची आतील बाजू सहसा मंद, निस्तेज असते. गोगलगायीच्या शरीरावर खंड नसतात आणि शूकही नसतात. चिखलात उभी असणारी जाड, नमद्यासारखी नळी सेरिअँथस या समुद्रफुलाची असू शकते. त्याला तोंडाभोवती संस्पर्शकांची वर्तुळे असतात, पण कृमीप्रमाणे खंडयुक्त शरीर नसते. चिखलाच्या अगदी बारीक नळ्यांचा मऊ गालिचा पसरलेला असेल, तर त्या झिंग्यांच्या दूरच्या नात्यातील लहान कवचधारी प्राण्यांच्याही असू शकतात. अशा प्राण्याला सांधे असलेले पाय असतात.

सर्वांत जास्त फसवणूक लाकडातील नळीने होते. लाकडी होडीच्या फळ्यांत किंवा धक्क्याच्या खांबांत आतून चुन्याचा लेप दिलेली भोके आढळतात. त्यांतील लांब, पांढरा, मऊ प्राणी पाहणाऱ्यास तो कृमी नाही असे सांगूनही पटत नाही. त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो शिंपल्यांच्या वर्गातील मृदुकाय प्राणी आहे. त्याच्या डोक्याकडील टोकाला दोन लहान शिंपा असतात आणि त्यांनीच तो लाकूड कोरतो. १७३१ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये समुद्रबांधांचे लाकडी संरक्षण या प्राण्याने पोखरून टाकल्याचे उघड झाले आणि लाकडाऐवजी दगडी आवरण घालण्याचा मोठा खर्च त्या देशास सोसावा लागला. १७३३ मध्ये गॉडफ्रे सेलियस या अभ्यासकाने, तो कृमी नसून मृदुकाय प्राणी आहे, असे दाखवून दिले. हा भेद केवळ शास्त्रीय हौसेचा नाही. नलिकाकृमी लाकडाच्या पृष्ठभागावर बसतो आणि खरवडून काढता येतो. जहाजकिडा लाकडाच्या पोटात असतो. बाहेरून फळी निरोगी दिसत असतानाच ती पोकळ झालेली असते.

या सर्व संभ्रमांतून मार्ग काढणारी कसोटी एकच आहे. शरीर खंडांचे आणि खंडांवर शूक असतील, तरच तो बहुशूक कृमी होय. दहापट मोठे दाखविणारे साधे हातभिंग या कसोटीला पुरते.

नावाची गल्लत : दोन उदाहरणे

कुळ ओळखल्यानंतर जातीचे नाव लिहिण्याचा मोह होतो. येथे मात्र अनुभवी संशोधकांचीही फसगत झाली आहे.

उष्ण समुद्रांतील बंदरांत, जहाजांच्या बुडांवर आणि पाण्याच्या नळांत अतिशय वेगाने वाढणारा एक सर्प्युलिड कृमी आहे. विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात जगभरच्या आणि भारतातीलही लेखनात त्याचा उल्लेख 'हायड्रॉइडिस नॉर्वेजिका' या नावाने होत असे. हे नाव १७६८ मध्ये नॉर्वेच्या थंड समुद्रातील एका कृमीला देण्यात आलेले होते. सिडनी बंदरातील कृमीला १८८३ मध्ये विल्यम हॅसवेल यांनी 'एलेगन्स' असे निराळे नाव दिले होते. परंतु दोन्ही एकच असे मानून ते मागे पडले. १९७१ मध्ये हेल्मुट झिब्रोवियस यांनी झाकणावरील काट्यांची आणि मानेवरील शूकांची बारकाईने तुलना करून या दोन जाती वेगळ्या असल्याचे स्पष्ट केले. बंदरांतील उपद्रवी कृमी हा बहुतांशी 'हायड्रॉइडिस एलेगन्स' आहे, हे त्यानंतर मान्य झाले. या दोन्ही कृमींची नळी पांढरी, कठीण आणि दिसायला जवळजवळ सारखीच असते. भेद आहे तो झाकणाच्या दुमजली रचनेत : खाली दातेरी कडांचे नरसाळे आणि त्यावर काट्यांचा मुकुट. मुकुटाच्या प्रत्येक काट्यावर आणखी कोणते उपकाटे आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते.

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवर दाट पुंजके करणारा, सपाट झाकणाचा एक सर्प्युलिड कृमी 'स्पायरोब्रँकस क्राउसी' या नावाने हिंदी व प्रशांत महासागराच्या अनेक किनाऱ्यांवरून नोंदविला गेला. पूर्वीच्या पुस्तकांत त्याचे नाव 'पोमॅटोलिऑस क्राउसी' असे आढळते. त्याचे मूळ वर्णन १८६५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नमुन्यांवरून झाले होते. इतका दूरवर पसरलेला असल्यामुळे तो जहाजांबरोबर फिरणारा परकी प्राणी समजला जात असे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात निरनिराळ्या देशांतील नमुन्यांची जनुकीय तुलना करण्यात आली. खरा 'क्राउसी' दक्षिण आफ्रिकेपुरता मर्यादित असून इतर किनाऱ्यांवर त्या नावाखाली वेगवेगळ्या जाती एकत्र कोंबल्या गेल्या होत्या, असे त्यातून निष्पन्न झाले. ज्याला परका समजावे तो कित्येक ठिकाणी घरचाच असू शकतो, असा या संशोधनाचा अर्थ आहे.

पियेर फोव्हेल यांचा भारतीय उपखंडातील बहुशूक कृमींवरील ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही तो भारतीय अभ्यासकांचा पायाभूत संदर्भ आहे. परंतु त्या काळातील अनेक नोंदींत युरोपातील जातींची नावे भारतीय कृमींना दिलेली आढळतात. जुन्या यादीतील नाव उतरवून घेणे आणि प्राणी ओळखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या दोन्ही उदाहरणांवरून लक्षात येते.

ओळखीचे व्यावहारिक महत्त्व

'हायड्रॉइडिस एलेगन्स'चे डिंभ काही दिवस पाण्यात तरंगतात आणि बुडालेल्या पृष्ठभागावर जिवाणूंचा पातळ थर बसला, की तेथे ठाण मांडतात. उष्ण पाण्यात बसलेला कृमी काही आठवड्यांतच प्रजननक्षम होतो. त्यामुळे पाण्यात सोडलेल्या पिंजऱ्यांवर, दोरांवर आणि होडीच्या बुडावर अल्पावधीत चुनखडीचा थर चढतो. होडी जड होते, तिला पाण्याचा अडथळा वाढतो आणि इंधन जास्त लागते. समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी घेणाऱ्या कारखान्यांचे व वीजकेंद्रांचे नळ अशा थरांमुळे अरुंद होतात. जिवाणूंचा थर आणि डिंभाचे बसणे यांचा संबंध कळल्यामुळे, केवळ विषारी रंगांवर अवलंबून न राहता पृष्ठभागच बसण्यास अयोग्य करण्याच्या दिशेने संशोधन सुरू झाले. कथिलाची संयुगे असणाऱ्या जहाजी रंगांवरील बंदीचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये होऊन २००८ मध्ये अमलात आल्यापासून या संशोधनाची निकड अधिकच जाणवू लागली.

जहाजे समतोलासाठी एका बंदरात पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात ते सोडतात. त्या पाण्यातून डिंभांचा प्रवास होतो. २००० ते २००४ या काळात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने राबविलेल्या समतोल-पाणी कार्यक्रमाच्या सहा प्रात्यक्षिक केंद्रांत मुंबईचा समावेश होता आणि बंदरातील जीवसृष्टीची पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली होती. समतोल-पाण्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये स्वीकृत होऊन ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. परंतु एखादा प्राणी नवा आला आहे असे म्हणण्यासाठी आधी येथे कोण होते, याची बिनचूक नोंद हवी. चुकीच्या नावांच्या यादीवरून परका आणि घरचा यांची निवड करता येत नाही.

कालवांच्या बाबतीत ओळखीचा उपयोग आणखी थेट आहे. कालवाची शिंप उघडल्यावर आतील बाजूस कधी काळसर, चिखलाने भरलेला फोड दिसतो. पॉलिडोरा व तिच्या जवळच्या प्रजातींतील बारीक कृमी शिंप पोखरून तेथे चिखलाची नळी करतात आणि कालव तिच्यावर नवा थर चढवून ती झाकून टाकते. त्यातून हा फोड तयार होतो. हा रोग नव्हे, परंतु मालाचे रूप बिघडते, फोड फुटल्यास चिखल मांसात मिसळतो आणि शिंप कमकुवत होते. शिंपेच्या बाहेर बसलेला पांढऱ्या नळीचा कृमी आणि शिंप पोखरणारा हा कृमी यांवरील उपाय एक नाहीत. पहिला खरवडता येतो. दुसऱ्यासाठी कालवे काही काळ पाण्याबाहेर ठेवणे किंवा गोड्या पाण्यात बुडविणे असे उपाय योजले जातात.

सर्वच नलिकाकृमी उपद्रवी आहेत, असा समज मात्र होऊ नये. सॅबेलॅरिड कृमींच्या वाळूच्या चिणाईतून जो सच्छिद्र थर तयार होतो, त्यात खेकडे, गोगलगायी, लहान शिंपले आणि इतर कृमी आसरा घेतात. युरोपातील अशा रचनांपैकी सर्वांत मोठी फ्रान्समधील माँ-सां-मिशेलच्या उपसागरात आहे. या कृमींच्या डिंभांना जुन्या नळ्यांच्या चिकट द्रव्याचा स्पर्श झाला, की ते तेथेच बसतात, असे डग्लस विल्सन यांनी इंग्लंडमधील प्लिमथ येथील प्रयोगांतून दाखविले. म्हणजे थर फोडला, तर नुकसान त्या पिढीचेच नव्हे. पुढच्या पिढीला बसण्यासाठी लागणारी खूणही नाहीशी होते. चिखलवाळूत डायोपॅट्राच्या नळ्यांमुळे तळ स्थिर होतो आणि त्यांच्या आडोशाने लहान जीव वाढतात. ज्या जागी मासळीची पिल्ले चरतात त्या जागेची जडणघडण अशा दुर्लक्षित प्राण्यांवर अवलंबून असते.

नोंद कशी करावी?

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे समितीचे प्रमुख काम आहे. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींच्या नोंदवहीत मासळी, शिंपले आणि कांदळवने यांना स्थान मिळणे स्वाभाविक आहे. नलिकाकृमींनाही तेथे जागा असावयास हवी. शिक्षक व विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ही नोंद फारशा खर्चाविना करता येते.

पाहणीसाठी मोठ्या सुकतीचा दिवस निवडावा. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून पाणी ओसरत असतानाच पट्ट्यात उतरावे आणि पाणी फिरण्यापूर्वी परत यावे. विद्यार्थ्यांबरोबर किनाऱ्याची माहिती असणारा गावातील जाणता मच्छीमार असावा. कालवांच्या कडा धारदार असतात, म्हणून पायांत जाड तळव्याची पादत्राणे हवीत. काही कृमींचे शूक बोटांत मोडून आग होते. प्राणी उघड्या हातांनी धरू नयेत.

प्रत्येक नळीविषयी पुढील माहिती त्याच जागी लिहावी : तारीख आणि वेळ, स्थान, खडक, चिखल, वाळू, लाकूड, शिंप वा धातू यांपैकी नळी कशावर आहे, भरतीरेषेपासून ती किती खाली आहे, जवळ खाडीचे तोंड किंवा गोड्या पाण्याचा प्रवाह आहे का, नळी कशाची आहे, सुटी की चिकटलेली, एकटी की पुंजक्यात, तिची लांबी व तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये. मोजपट्टी शेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे. शक्य असेल तेव्हा नळी असलेला लहान दगड समुद्राच्या पाण्याने भरलेल्या पसरट पांढऱ्या भांड्यात स्थिर ठेवावा. थोड्या वेळाने कृमी पिसारा बाहेर काढतो. त्या क्षणी झाकण आहे की नाही, असल्यास त्याचा आकार कसा, हे भिंगातून पाहून चित्र काढावे. नंतर दगड होता तसाच, होता तेथेच ठेवावा.

पाहणीसाठी थर फोडणे टाळावे. प्रवाळ आणि नळ्यांचा पुंजका यांत गफलत होऊ शकते आणि प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे, हेही ध्यानात ठेवावे. जातीच्या निश्चितीसाठी नमुना आवश्यकच असेल, तर ते काम विद्यापीठातील प्राणिशास्त्र विभाग, मत्स्य महाविद्यालय किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षण यांच्या तज्ज्ञांवर सोपवावे. नमुना टिकविण्यासाठी वापरले जाणारे फॉर्मेलिन आरोग्यास घातक असल्याने शाळेत ते हाताळू नये. तज्ज्ञ शूक व झाकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि जनुकीय तपासणीसाठी नमुन्याचा एक भाग अल्कोहोलमध्ये ठेवतात.

नोंदवहीतील नावाच्या रकान्यात काय लिहावे, हा अखेरचा आणि महत्त्वाचा प्रश्न होय. प्राणी पाहिला नसेल, तर 'चुन्याची चिकटलेली नळी' एवढेच लिहावे. पिसारा आणि झाकण पाहिले असेल, तर 'सर्प्युलिड कुळ' असे लिहावे. जातीचे नाव तज्ज्ञाने निश्चित केल्यानंतरच लिहावे आणि कोणत्या पुराव्यावरून ते ठरले हे शेजारी नोंदवावे. गावात त्या नळीला स्वतंत्र बोलीनाम असेल, तर ते अवश्य नोंदवावे. पुस्तकातून उसने घेतलेले नाव नोंदवहीला भारदस्तपणा देते, पण पुढे येणाऱ्या प्रत्येक निष्कर्षात ती चूक उतरत जाते. कुळापर्यंतची प्रामाणिक नोंद मात्र पन्नास वर्षांनीही उपयोगी पडते, कारण तिच्याबरोबर जागा, तारीख, वर्णन आणि छायाचित्र असते आणि नव्या ज्ञानाच्या आधारे तिची फेरतपासणी करता येते.

उत्तर समुद्रातील कृमीचे नाव उष्ण बंदरांतील कृमीला चिकटले ते निघावयास कित्येक दशके लागली. धक्के, रस्ते, भराव आणि मत्स्यशेती यांमुळे कोकणच्या किनाऱ्याचे रूप बदलत आहे. तेथे काय होते, हे सांगण्याचे काम उद्या आजच्या नोंदवह्यांनाच करावे लागेल. किनाऱ्यावरील शाळेने वर्षातून दोन मोठ्या सुकतींना एकाच ठरावीक जागेची पाहणी केली आणि ती नोंद ग्रामपंचायतीच्या समितीकडे दिली, तरी काही वर्षांत त्या गावाच्या समुद्राचा विश्वासार्ह इतिहास तयार होईल. त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक वही, एक भिंग, एक मोजपट्टी आणि जेवढे पाहिले तेवढेच लिहिण्याची शिस्त.